पुस्तकांखालची अभ्यासिका

ही गोष्ट मी पुष्कळ वेळा सांगितली आहे, पण नेहमी फीत कापेपर्यंतच. संध्याकाळी बागेत आम्ही निवृत्त मंडळी बसतो. कुणीतरी म्हणतं, "राव, त्या वाचनालयाच्या उद्घाटनाचं सांगा की." मग मी सांगतो. रंग ओला असतानाच पाहुणे कसे आले, फीत कापायला कात्री सापडेना म्हणून शेजारच्या सलूनमधून कशी मागून आणली, पाहुण्यांच्या कडक इस्त्रीच्या सदऱ्यावर कोपरापाशी भिंतीचा पिस्ता रंग कसा उमटला. लोक हसतात, मीही हसतो. फीत कापली गेली की मी गुडघ्यावर हात टेकून उठतो आणि घरी जातो. त्यापुढचं मी बायकोला सांगितलेलं नाही, मुलीलाही नाही. इतकी वर्षं टाळत आलो.

आता टाळता येत नाही, कारण त्याच वाचनालयाचा पुन्हा विस्तार व्हायचा आहे. गेल्या महिन्यात लोकांच्या सूचना ऐकायला बैठक होती. मी बांधकाम खात्यात उपअभियंता म्हणून नोकरी केलेली, त्यामुळे आमच्या ज्येष्ठ मंडळींनी मला धरून पुढच्या रांगेत बसवलं. एक तरुण अधिकारी पडद्यावर नकाशे दाखवत होता. मुलगा हुशार वाटला. बोलता बोलता तो म्हणाला, "जुन्या इमारतीवर आपण काहीही चढवणार नाही. मागे तिथल्या ग्रंथपाल मॅडमनी कुणाला न विचारता पुस्तकांचे रॅक वरच्या मजल्यावर नेले आणि स्लॅब वाकला. तसं पुन्हा नको."

मागून कुणीतरी म्हणालं, "एका बाईच्या हट्टापायी पोरं मेली असती राव."

सगळ्यांनी माना हलवल्या. त्या वेळी हा अधिकारी शाळेत असेल. त्याला हे खात्यातच कुणीतरी चहा पिता पिता सांगितलं असणार. आणि खात्यात ते कुठून आलं, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. ते मी सांगितलेलं खोटं होतं, आणि इतक्या वर्षांत ते शहराची माहिती होऊन बसलं होतं. उठून दोन वाक्यं बोलायची होती. मी तेव्हाही काही बोललो नाही.

म्हणून हे लिहायला बसलो आहे.

ते वाचनालय म्हणजे तेव्हा एक बैठी इमारत होती. गच्चीवर कॉलमच्या सळया वर काढून सोडलेल्या. आमच्याकडं अशा सळया जिकडंतिकडं दिसतात. घर बांधणारा माणूस पुढच्या मजल्याची आशा म्हणून त्या ठेवून देतो. त्या गंजतात, त्यांना कपडे वाळत घालायची दोरी बांधली जाते, आणि मुलगा कमावता झाला की त्यांच्यावरच मजला चढतो. सरकारी इमारतीवरही कुणीतरी त्याच सवयीनं सळया सोडल्या होत्या. त्या बघूनच सगळ्यांनी धरून चाललं की वर एक मजला बसतो. जुने नकाशे कुठंच सापडले नाहीत.

गरज मात्र खरी होती. वस्ती वाढली होती. स्पर्धा परीक्षांची मुलं सकाळपासून येऊन बसत, जागा नसली की बाहेर पायरीवर वही मांडीवर घेऊन अभ्यास करत. विस्ताराचं काम माझ्याकडं आलं. आम्ही दोन ठिकाणी पाया उकरून पाहिला. आकुर्डीकडं कॉलेजात शिकवणारे एक गृहस्थ सल्लागार म्हणून घेतले होते. त्यांनी बरंच तपासलं आणि मजल्याला होकार दिला, पण एका अटीवर. जुनी गच्ची आता वरच्या मजल्याची जमीन होणार होती, आणि ती गच्ची म्हणूनच बांधलेली होती. "वर टेबलं, खुर्च्या, माणसं. बस," ते म्हणाले. "पुस्तकांचा एक रॅकसुद्धा वर जाता कामा नये. माणसं उठून जातात हो, पुस्तकं उठून जात नाहीत."

मला ते समजावून सांगायची गरज नव्हती. पुस्तकांच्या रॅकखालच्या जमिनीला, वाचत बसलेल्या माणसांखालच्या जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त भार सोसावा लागतो, हे आम्ही शिकतानाच शिकतो. तेव्हा खाली पुस्तकं आणि वर अभ्यासिका, असा आराखडा ठरला.

त्या सगळ्या बैठकांना ग्रंथपाल मॅडम यायच्या. पन्नाशीच्या जवळ आलेल्या, सावळ्या, चष्मा सारखा नाकावर सरकणारा. आम्ही सिमेंट आणि फरशीबद्दल बोलत असू, त्या मध्येच म्हणत, "सर, मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार अभ्यासिकेत उघडू नका. सगळ्यांसमोरून जावं लागलं तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत." ते दार आम्ही बदललं. त्यांचे वडील कंपनीत कामगार होते. त्यांच्या वस्तीत विहाराशेजारी कामगारांनीच पत्र्याच्या खोलीत एक वाचनालय चालवलं होतं. लहानपणी त्या तिथं वडिलांना आणि त्यांच्या दोस्तांना पेपर मोठ्यानं वाचून दाखवत. एकदा मला म्हणाल्या होत्या, "शिफ्टवरून आलेली माणसं ऐकता ऐकता झोपायची, पण वाचणं थांबवलं की जागी व्हायची."

काम संपत आलं तेव्हा निवडणुकीची आचारसंहिता जवळ आली होती. त्याआधी उद्घाटन व्हायलाच हवं होतं, नाहीतर इमारत कित्येक महिने कुलपात. रंगारी रात्रंदिवस लागले होते. अशात एक दिवस आमच्या प्रभागाचे नगरसेवक चारपाच माणसं घेऊन आले. मूळ गावचे, जुन्या शेतकरी घरातले. सगळे त्यांना भाऊच म्हणत.

"साहेब, पोरं कुठं बसणार म्हणला?"

"वर, भाऊ. खाली पुस्तकं."

"आन रस्त्यावनं दिसणार काय मग? कपाटं?" बरोबरची माणसं हसली. "पोरं खाली बसवा. ह्या एवढ्या मोठ्या काचा लावल्यात तुमी. येणाराजाणारा बघंल, पोरं अभ्यास करत्यात. पुस्तकं जाऊ द्या वर. पुस्तकाला काय मत हाय का?"

"मत नाही भाऊ, पण वजन असतं."

"माज्यापरीस जास्त?" त्यांनी पोटावरून हात फिरवला.

सगळे खो खो हसले. मीही हसलो. त्या हसण्यात माझं बोलणं वाहून गेलं, आणि मी ते पुन्हा उचललं नाही. सल्लागारांची अट मला तोंडपाठ होती. ती मी तिथं, त्या माणसांसमोर, मोठ्यानं म्हणायला हवी होती. पण भाऊंचा हात माझ्या खांद्यावर होता आणि मला भीती वाटली. कशाची ते तेव्हा मला नीट सांगताही आलं नसतं.

मी आमच्या साहेबांना फोन केला. म्हणजे कार्यकारी अभियंत्यांना. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "अहो, करून टाका. उद्घाटन राहिलं तर भाऊ माझी बदली करतील, आणि जाता जाता मी तुमची करीन. निवडणूक होऊ द्या, मग रॅक आणा परत खाली."

"लेखी आदेश काढू का साहेब?"

"आता कशाला लेखी काढताय? तोंडी सांगा."

आमच्या खात्यात हे नवीन नव्हतं. काम तोंडी सुरू व्हायचं, कागद मागाहून यायचा. बहुतेक वेळा यायचाही.

मी वाचनालयात गेलो आणि मॅडमना सांगितलं की पुस्तकं वर घ्या. त्या जिन्यात उभ्या होत्या. चष्मा वर करून म्हणाल्या, "वर चालेल का सर? तुम्ही तर रॅक वर न्यायचा नाही म्हणाला होतात."

"चालतंय मॅडम. मी सांगतोय ना."

"मग तेवढं लिहून देता का? उद्या कुणी विचारलं तर..."

"आता काय स्टॅम्पपेपरवर देऊ?"

त्या हसल्या. "राहू द्या सर," म्हणाल्या आणि शिपायाला हाका मारायला लागल्या.

जिन्यावर माणसांची रांग लागली. पुस्तकांचे गठ्ठे हातातून हातात वर जात होते. बांधून काढलेले जुने पेपर, जाडजूड कोश. मग लोखंडी रॅक. मी खाली उभा होतो. डोक्यावर रॅक टेकवल्याचा दणका झाला की नव्या रंगाची बारीक भुकटी माझ्या खांद्यावर पडायची. मी ती झटकत होतो आणि स्वतःला सांगत होतो, थोड्या दिवसांचा प्रश्न आहे.

मग ते उद्घाटन झालं. मॅडमचे म्हातारे वडील पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले होते.

निवडणूक झाली, भाऊ निवडून आले. मी साहेबांना रॅकची आठवण केली. ते म्हणाले, "आता? पोरांना खाली बसायची सवय झालीय. आणि इतक्या दिवसांत झालं का काही?" काही महिन्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही हेच. काही न झालेला प्रत्येक दिवस माझ्याच विरुद्ध पुरावा होत गेला. मी लिहून कळवू शकत होतो. पण लिहायचं म्हणजे रॅक वर न्यायला मीच सांगितलं, हेही लिहावं लागलं असतं. तसा कागद कुणाच्या हाती पडला तर नोकरी जाईल, निवृत्तिवेतन अडकेल, कदाचित पोलीस येतील. दोन्ही बाजूंनी भीती होती, आणि मी दोन्हींच्या मध्ये अंग चोरून उभा राहिलो.

तेव्हापासून मी ऑफिसला जायच्या आधी रोज वाचनालयापाशी उतरायचो. बस वळण घेऊन पुढं आली की आधी इमारत दिसते का ते बघायचो. ती दिसली की श्वास सुटायचा. आत मुलं आलेली असायची. खुर्च्यांवर बाटल्या, दप्तरं, डबे ठेवून धरलेल्या जागा. सगळीकडं खाली वाकलेली डोकी, आणि त्या डोक्यांवर ते सगळं ओझं. एवढी शांतता असायची की वर कुणी रॅकमधून जाड पुस्तक ओढलं तरी ऐकू यायचं. मुलं मान वर करत नसत. मी करायचो.

मधल्या बीमच्या पोटाला मला एक भेग दिसली. केसाएवढी. रंगाचीही असू शकते, मी मनाशी म्हणालो. भेग वाढते का हे बघायचं असेल तर तिच्या टोकाला पेन्सिलीनं खूण करतात. एका रविवारी मी स्टुलावर चढून खूण केली. पुढच्या खेपेला भेग त्या खुणेच्या पुढं गेलेली होती. मी दुसरी खूण केली. मॅडमनी मला स्टुलावर बघितलं.

"सर, काय शोधताय एवढं?"

"कोळिष्टकं आहेत हो. शिपायाला सांगा साफ करायला."

तोंडात आलं ते बोललो. त्यांनी त्याच दुपारी शिपायाला लांब दांड्याचा झाडू आणि ओलं फडकं घेऊन वर चढवलं. मी पुन्हा गेलो तेव्हा बीम स्वच्छ पुसलेला होता. माझ्या दोन्ही खुणा गेल्या होत्या. भेग तेवढी राहिली होती, आणि आता ती कुठवर होती आणि कुठवर आली हे मला कळायला काही मार्ग नव्हता.

त्या बीमखाली एक मुलगी बसायची. चाकणला कंपनीत दुसऱ्या शिफ्टला जायची आणि त्याआधी इथं अभ्यास करायची. कंपनीचा निळा शर्ट पिशवीत घडी घालून ठेवलेला असायचा. मी एकदा तिला म्हणालो, "बाळ, इथं वारा येत नाही. तिकडं खिडकीजवळ बस की."

"नको काका. तिकडं ऊन येतं."

"मग त्या कोपऱ्यात बस. तिथं पंखा चांगला आहे."

तिनं वर बघितलं. "काका, तुम्हाला ही जागा कुणासाठी पाहिजे का? पहाटे येऊन धरते मी. तुमच्या नातवाला सांगा, लवकर ऊठ."

आजूबाजूची दोघंतिघं खुसखुसली. मी मागं फिरलो. काय सांगणार होतो? ऊठ, तुझ्या डोक्यावर मी पुस्तकं ठेवली आहेत, म्हणून?

मग मॅडमचा फोन आला. "सर, मधली सरकती खिडकी अडकतेय. माणूस पाठवा ना."

फोन ठेवला तेव्हाच मला कळलं होतं. खिडकी बिघडलेली नव्हती. वरचा बीम वाकून तिच्या चौकटीवर बसत होता. त्या दिवशी मी सगळं रिकामं करायला लावलं असतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. मी खिडकीवाल्याला पाठवलं आणि वरची पट्टी घासून घ्यायला सांगितली. खिडकी सरकायला लागली. मॅडमनी फोन करून आभार मानले. माझ्या उभ्या आयुष्यात मी केलेलं सगळ्यात वाईट काम कोणतं असं कुणी विचारलं, तर मी ती घासलेली पट्टी सांगेन. चौकशीतलं खोटं त्याच्या खाली येतं.

घरी बायकोच्या हातून कुकरचं झाकण निसटून पडलं, तर मी चप्पल न घालता दारापर्यंत पळालो होतो. ती म्हणाली, "अहो, काय झालं?" मी म्हणालो, "गाडी धडकली वाटतं बाहेर."

एका दुपारी बीमच्या बाजूचा गिलावा सुटून खाली आला. चांगला परातीएवढा तुकडा, आणि त्याच्याबरोबर स्लॅबच्या काँक्रीटचे ढलपे. बहुतेक मुलं जेवायला बाहेर गेली होती. ती मुलगी डबा खाऊन पुन्हा बसली होती. तुकडा टेबलावर पडला. तिथं पडून फुटला, आणि त्यातला एक ढलपा तिच्या कानामागं लागला. मॅडम तिला रिक्षात घालून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेल्या. टाके पडले. ती वाचली, ऐकायलाही नीट येतं, असं मला नंतर कळलं. मी तिला भेटायला गेलो नाही.

मी पोचलो तेव्हा छतात सळया दिसत होत्या. मी अभ्यासिका रिकामी केली, मिळतील ती माणसं लावली आणि रॅक उतरवायला घेतले. दिवस मावळायच्या सुमाराला मॅडम दवाखान्यातून परत आल्या. साडीच्या खांद्यावर त्या मुलीचं रक्त वाळलेलं होतं. त्या घरी गेल्या नाहीत. जिन्यातल्या रांगेत उभ्या राहिल्या आणि गठ्ठे हातोहात खाली द्यायला लागल्या. माझ्याकडं गठ्ठा देताना हळूच म्हणाल्या, "सर, आपण म्हणाला होतात ना, वर चालतंय?"

त्या आवाजात आरोप नव्हता. त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं.

"आधी हे रिकामं करू मॅडम. मग बोलू."

ते बोलणं कधी झालंच नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं. "भाऊ काही बोलले नव्हते. मी काही बोललो नव्हतो. तेव्हा तुम्हीही काही बोलला नव्हता. बरोबर?" मी मान हलवली. इमारतीचा भार कसा खाली जातो हे मी आयुष्यभर शिकलो होतो. स्लॅबवरून बीमवर, बीमवरून कॉलमवर, कॉलमवरून पायात. इथंही तसंच झालं. भाऊंवरून साहेबांवर, साहेबांवरून माझ्यावर. मला तो अडवता आला असता. मी तो पुढं सोडला, आणि मॅडमच्या खाली कुणीच नव्हतं.

चौकशीला तीन अधिकारी होते. मध्ये बिस्किटांची बशी. मॅडमना विचारलं, रॅक वर कुणाच्या सांगण्यावरून नेले. त्यांनी माझ्याकडं हात केला. "सरांनी सांगितलं म्हणून."

"लेखी आहे काही?"

"नाही सर. मी मागितलं होतं..." त्या थांबल्या. मला वाटतं, पुढचं मी बोलेन असं त्यांना वाटलं.

अधिकारी माझ्याकडं वळले. मी पाणी प्यालो आणि म्हणालो, "वर फक्त अभ्यासिका असाच आमचा आराखडा होता. रॅक वर नेण्याचा निर्णय ग्रंथालयाचा असावा. मला त्याची कल्पना दिलेली नव्हती."

पहिलं वाक्य खरं होतं. त्याच्या आडोशानं मी पुढची दोन बोललो.

मॅडम माझ्याकडं बघत राहिल्या. त्या रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. माझं वाक्य अजून संपलेलं नाही, अजून काहीतरी येईल, अशा त्या बघत होत्या. मग त्यांनी चष्मा काढून पदरानं पुसला आणि पुन्हा कुठल्याच प्रश्नाला लांब उत्तर दिलं नाही. "हो सर", "नाही सर", एवढंच.

परत येताना गाडीत साहेब म्हणाले, "अशा लोकांना खुर्चीवर बसवलं की हेच व्हायचं." ते 'अशा' म्हणजे कशा, हे मला कळलं, ड्रायव्हरलाही कळलं. तो आरशातून बघत होता. मॅडमच्या वडिलांचा पांढरा शर्ट माझ्या डोळ्यांपुढं आला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. खात्यात माझ्या शब्दावर जो पटकन विश्वास बसला, त्यात त्या 'अशा'चाही हात होता. मी त्याचाही फायदा घेतला. हे लिहिताना लाज वाटते, पण वगळलं तर हेही अर्धवटच होईल.

मॅडम निलंबित झाल्या. नंतर परत घेतलं, पण वाचनालयात नाही. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीवर बसवलं. तिथूनच त्या निवृत्त झाल्या. मी मात्र सन्मानानं निवृत्त झालो, शाल-श्रीफळ घेऊन.

गेल्या महिन्यातल्या त्या बैठकीनंतर काही दिवसांनी मी रहाटणीला त्यांच्या घरी गेलो. पत्ता जुन्या शिपायाकडून मिळवला. काय बोलायचं ते बसमध्ये मनात घोळवत होतो. जिना चढताना मधल्या मजल्यावर कठडा धरून उभा राहिलो. वाटलं, त्यांनी तोंडावर दार लावलं तर? आणि त्याहून वाईट म्हणजे, त्या हसून "जाऊ द्या सर, झालं गेलं" म्हणाल्या तर? मग कबुली देऊन यातून बाहेर पडायला मला वाटच राहिली नसती.

त्यांनीच दार उघडलं. केस पांढरे झालेले. क्षणभर बघितलं आणि म्हणाल्या, "सर? या ना. किती दमलात. लिफ्ट बंद आहे आमची."

पाणी दिलं, मग बिनसाखरेचा चहा. मुलगा कामावर, सून बाहेर गेलेली. साखरेचा त्रास त्यांनाही आणि मलाही, त्यावर बोलणं झालं. मी विचारलं, "शेवटची वर्षं बरी गेली ना?"

"गेली की. आधी पुस्तकं देत होते, मग दाखले दिले. दाखला परत करायला कुणी येत नाही, तेवढं काम सोपं." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "वाचनालय वाढवणार आहेत म्हणे. बैठक झाली. तुम्ही गेला होतात का?"

"गेलो होतो."

"माझा विषय निघाला म्हणे तिथं."

मी कप हातात फिरवत होतो.

"काय म्हणाले, सर?"

एवढी वर्षं ज्याची वाट बघत होतो ती जागा ही होती. त्यांनीच दार उघडून दिलं होतं. घरात दुसरं कुणी नव्हतं. मी कप खाली ठेवला.

"काही नाही," मी म्हणालो. "असंच. जुन्या इमारतीबद्दल."

"अच्छा," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्याकडं थोडा वेळ बघितलं आणि रिकामा कप घेऊन आत गेल्या. आत नळ सुरू झाल्याचा आवाज आला. मी उठून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो. त्या पाठमोऱ्या होत्या. वाक्यं तयार होती, बसमध्ये घोळवलेली, एकही शब्द चुकणार नव्हता. मी "येतो मॅडम" म्हणालो आणि निघालो.

वाक्यं ही होती:

मॅडम, रॅक वर न्यायला मी सांगितलं होतं. तुम्ही लेखी मागितलं, ते मी हसण्यावारी नेलं. चौकशीत तुम्ही खरं बोललात आणि मी खोटं बोललो. तुमचं वाचनालय माझ्यामुळं गेलं. मला तुमची माफी मागायची आहे.